गिमसॉयचा डालर

ऑस्लो, ४ ऑक्टोबर १९५६

ती. गुरोताईस,
धाकट्या आस्लाकचा सा. न. वि. वि. विकायला दिलेला तुझा चांदीचा जुना डालर काल नाण्यांच्या जाणकाराला दाखवला. भिंग लावलं आणि गडी खुर्चीतून उठलाच. म्हणाला, १५४६ साली गिमसॉयच्या मठात पाडलेला हा, फार थोडे उरलेत. मग कड पाहिली आणि खाली बसला. कुणीतरी सुरीने सहा ठिकाणी खरवडलीय. धड असता तर तुला गावात घर झालं असतं, आता कवडीमोल. कोण हा शहाणा आपल्या घरात निपजला? या भावाला विकवत नाही, परत पाठवतो. गुडघा कसा आहे? भावावर लोभ असू दे, वैतागलीस तरी.
तुझा आस्लाक

सेल्योर, ११ ऑक्टोबर

चि. आस्लाक यास अनेक आशीर्वाद. गुडघा आहे तसाच. शेळ्या विकल्या, महिनाअखेर वृद्धाश्रमात जाते. दमले रे. नाणं फुकट दे कुणाला, पण मला ते पुन्हा डोळ्यांसमोर नको.

तो शहाणा म्हणजे मीच. तू पाच वर्षांचा, आपली धाकटी लिव तीन. दोघांचे घसे सुजलेले. वाडवडिलांच्या चांदीचा कीस दुधातून दिला की दुखणं जातं, मात्र खरवडणाऱ्याने अवाक्षर काढायचं नाही, असं आजी सांगायची. आईला सुरी धरवेना, म्हणून ती माझ्याकडे आली. नऊ वर्षांची होते. तुझे तीन ओरखडे मुकाट्याने काढले. लिवच्या तिसऱ्याला सुरी घसरली, बोट कापलं, आणि मी ‘आई गं’ म्हणाले. शुक्रवारी लिव गेली. आईने कधी बोल लावला नाही, पण सुरी पुन्हा माझ्या हातात दिली नाही. भाकरी कापायलासुद्धा नाही.

तू शिकलेला, हसशील. खूळ आहे हे मलाही कळतं. त्रेसष्ट वर्षं कळतंय, तरी जात नाही. जिवाला जप.
तुझी ताई

ऑस्लो, १५ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. हसलो नाही. नाणं माझ्याच खणात राहील. एक गोष्ट मी आईच्या धाकाने लपवली होती. मला स्वच्छ आठवतं, ते दूध मी प्यालोच नाही. चुलीमागच्या मांजरीला पाजलं, थेंबन् थेंब. चांदीशिवायच मी वाचलो, ताई. तू त्या दिवशी गप्प राहिली असतीस तरी लिव गेलीच असती. रविवारी तुला भेटायला येतोय, तोवर माया राखून ठेव.
तुझा आस्लाक