कायम केल्याचा आदेश रद्द व्हावा म्हणून

प्रति,
मा. संचालक,
संयुक्त ग्रंथालय,
मुख्य इमारत, दुसरा मजला.

विषय : ‘स्थान-अनिश्चित’ विभागात मला कायम केल्याचा आदेश रद्द करून काम पूर्ण झाल्याचा दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझा मूळ तात्पुरता नियुक्ती आदेश
२) दोन्ही शाखांच्या बैठकीतील ठराव
३) कायम नियुक्तीचा आदेश, दि. १२

महोदय,

मी खाली सही करणारी आपल्या ग्रंथालयात सहायक वर्गीकरणकार या तात्पुरत्या पदावर काम करते. कायम करावे म्हणून अर्ज करणारे पुष्कळ असतात. कायम करू नये म्हणून आजवर एकही अर्ज आलेला नाही, त्यामुळे हा कोणत्या शीर्षाखाली घ्यायचा हे मुख्य लिपिकांना उमगले नाही. “बाई, तब्येत बरी आहे ना?” एवढेच त्यांनी विचारले. तब्येत बरी आहे. सबब सर्व हकीकत सविस्तर मांडत आहे.

१. विद्यापीठाचे ग्रंथालय आणि धर्मसंस्थेचे ग्रंथालय एका छताखाली आणल्यावर दोन्हींचे ग्रंथ एका पद्धतीने लावण्यासाठी माझी नेमणूक झाली. मुदतीच्या रकान्यात “प्रत्येक ग्रंथास कायम जागा मिळेपर्यंत” असे लिहिले आहे. मी जीवशास्त्राची पदवीधर. मुलाखतीत आपणच विचारले होते, “किडेमुंग्या लावता, तशी पुस्तके लावता येतील ना?” मी उत्साहाने हो म्हटले होते.

२. दोन्ही पद्धती मी मन लावून शिकले आणि दोन्ही मला आवडल्या, हे नमूद करते. विद्यापीठ शाखेत ग्रंथ विषयाप्रमाणे लागतात. विषयाला आकडा, आकड्याला पोटआकडा, आणि तो वर्गांक पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेला. धर्मशाखेत विषय दुय्यम, नाते मुख्य. मूळ ग्रंथ सर्वांत वरच्या फळीवर, त्याखाली टीका, त्याखाली टीकेवरची टीका. शिष्याचा ग्रंथ गुरूच्या ग्रंथापेक्षा वर ठेवायचा नाही. मूळ ग्रंथाचे खंडन करणारे पुस्तक त्याच्या अगदी शेजारी, परंतु पाठ भिंतीकडे करून. शेजार सोडायचा नाही, पण नावही दाखवायचे नाही, असा तो रिवाज आहे. याने वाचकाला प्रश्न आणि प्रत्युत्तर एकाच ठिकाणी सापडतात. विद्यापीठ शाखेत त्यासाठी दोन मजले चढावे लागतात.

३. अडचण कामाला हात घातल्यावर सुरू झाली. वर्गांक पाठीवर असतो आणि खंडनग्रंथाची पाठ भिंतीकडे असते. विद्यापीठ शाखेच्या ग्रंथपालबाईंना एक खंडनग्रंथ दिसेना. तो गहाळ झाला असे समजून त्यांनी नवी प्रत मागवली. प्रत आली, फळीवर गेली, आणि धर्मशाखेच्या ग्रंथपालांनी, ज्यांना सर्वजण काका म्हणतात, तीही भिंतीकडे वळवली. बाईंनी तिसरी मागवली. मी मध्ये पडले तेव्हा एकाच पुस्तकाच्या चार प्रती रुसलेल्या जावांसारख्या पाठ फिरवून उभ्या होत्या.

चंद्राच्या स्थितीची कोष्टके असलेल्या ग्रंथाचेही तेच झाले. बाईंच्या मते ते खगोलशास्त्र. काकांच्या मते प्रार्थनेच्या वेळा ठरवण्यासाठी लिहिलेली टीका, म्हणून जागा मूळ ग्रंथाखाली. सकाळी बाई तो वर पाठवत, दुपारी काका खाली आणवत. शेवटी शिपाईमामा मला म्हणाले, “ताई, याला एक पिशवी शिवून द्या, गळ्यातच घालून हिंडतो.”

बाई म्हणत, “काकांच्या हिशेबाने उद्या भूमितीसुद्धा कुणाची तरी शिष्या निघेल.” काका म्हणत, “बाईंना विचारा, त्यांच्या घरी माणसे उंचीप्रमाणे बसवतात की नात्याप्रमाणे?” हे निरोप मीच पोचवत असे. दोघे एका खोलीत बसत नाहीत.

४. जीवशास्त्रात एखाद्या जीवाचे कूळ ठरत नसेल तर वाद न घालता त्याची नोंद ‘स्थान अनिश्चित’ अशी करतात. पुरावा मिळाला की योग्य जागी हलवतात. ही साधी, प्रामाणिक रीत आहे. मी वाचनकक्षाच्या कोपऱ्यात एक कपाट मागून घेतले, त्यावर तीच पाटी लावली आणि कोष्टकांचा ग्रंथ आत ठेवला. बाई खूश झाल्या, कारण तो काकांकडे नव्हता. काका खूश झाले, कारण तो बाईंकडे नव्हता. शिपाईमामांनी मला चहा पाजला.

५. शास्त्रात हा गट पुराव्यामागून पुरावा मिळत लहान होत जातो. कार्यालयात तो कशाने लहान व्हावा, याचा विचार मी केला नव्हता. दुसऱ्या आठवड्यात व्याकरणाचे ग्रंथ आले. मग वैद्यक, कारण रोग्याची सेवा हा धर्म आहे की शास्त्र हे ठरेना. मग संगीत, मग नकाशे. नंतर वाद होण्याआधीच पुस्तके येऊ लागली, “पुढे कटकट नको” एवढ्या कारणावर. काकांनी मूळ ग्रंथ पाठवले, कारण सगळ्या टीका माझ्याकडे असताना ते एकटे वर काय करणार. बाईंनी शब्दकोश पाठवले, कारण वाचक सगळे माझ्याकडे असताना ते वर कोण उघडणार. आज संपूर्ण वाचनकक्ष, जिना आणि जिन्याखालची जागा स्थान-अनिश्चित आहे. माझे टेबल कपाटांच्या चौकात असून बाहेर पडताना मला आडवे होऊन सरकावे लागते. मागील महिन्यात आणखी एक, शेवटचे कपाट आले, तेव्हा हमालांनी विचारले, “तुम्ही आत राहता की बाहेर?” मी आत होते.

६. माझी निकड अशी. शैवाकांवर संशोधन करण्यासाठी मला परगावच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली आहे. बुरशी आणि शैवाल एकत्र नांदून शैवाक बनतो. तो कुणाच्या नावावर लावायचा हा प्रश्न शास्त्राने केव्हाच मिटवला : बुरशीच्या नावावर, आणि मग अभ्यासाला लागायचे. या एका गोष्टीसाठी मला तेथे जायचे आहे. रुजू होण्याची तारीख पुढील महिन्याची एक. आधीच्या जागेवरून मोकळी झाल्याचा दाखला आणल्याशिवाय ते घेणार नाहीत, आणि माझ्यानंतरचा उमेदवार तयार आहे.

७. अशा स्थितीत दि. १२ रोजी मला कायम करण्यात आले. त्यामागचे कारण वाईट नाही. वाचकांना सर्व पुस्तके एकाच जागी मिळू लागल्याने त्यांनी स्तुतीची पत्रे पाठवली. त्यावरून दोन्ही शाखांनी, आयुष्यात प्रथमच एकमताने, “सदर विभागातील सर्व ग्रंथ आहेत तेथेच कायम ठेवावेत” असा ठराव केला. बैठक दोन खोल्यांत झाली, मधले दार उघडे ठेवून. मागोमाग मलाही ग्रंथांसोबत कायम केले. घरी आईने शेजारी सांगून टाकले. आत्याचा फोन आला, “कायमची नोकरी लागली आणि पोरगी रडते कशाला? लोक देव पाण्यात घालून बसतात!” वडील एवढेच म्हणाले, “तुझं तू बघ. पण दाखल्याचं विचार.” म्हणून विचारत आहे.

८. कायम कर्मचाऱ्याला तीन महिने आधी सूचना द्यावी लागते. तात्पुरत्या कर्मचाऱ्याला काम अपुरे असता दाखला मिळत नाही. म्हणजे मला कायम मानले तरी मी अडकते आणि तात्पुरती मानले तरी अडकते. तथापि कागद पुन्हा क्रमाने वाचले असता पुढील गोष्ट ध्यानात आली.

माझी मुदत “प्रत्येक ग्रंथास कायम जागा मिळेपर्यंत” होती. दोन्ही शाखांचे सर्व ग्रंथ तोवर माझ्याच विभागात आलेले असल्याने संदर्भ क्र. २ च्या ठरावाने प्रत्येक ग्रंथ आहे तेथेच कायम झाला. जागा योग्य असावी, अशी अट मूळ आदेशात नाही. म्हणजे ठराव झाला त्याच दिवशी माझे काम पूर्ण झाले आणि मी मोकळी झाले. कायम नियुक्तीचा आदेश त्यानंतर तीन दिवसांनी निघाला आहे. ज्या व्यक्तीला तो दिला ती त्या दिवशी सेवेत नव्हती. फक्त तिला तसे कुणी सांगितले नव्हते, म्हणून ती कामावर येत राहिली.

हा मुद्दा मी मुख्य लिपिकांना दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला आणि म्हणाले, “बरोबर आहे हो. म्हणूनच यावर मी सही करणार नाही.” बाईंनी काकांची सही आधी मागितली. काकांनी बाईंची. दोघांनीही, वेगवेगळे, माझ्यासारखी मुलगी पुन्हा मिळणार नाही असे सांगितले. काकांचे डोळे भरून आले होते. त्यांच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही.

९. तरी विनंती की, संदर्भ क्र. ३ चा आदेश रद्द करावा आणि सोबतच्या मसुद्यावर आपण एकट्याने सही करावी. मसुद्यात एकच वाक्य आहे. माझ्या जागी कोणाला नेमल्यास मुदतीच्या रकान्यात ग्रंथांचा उल्लेख न करता नुसती तारीख घालावी, असे नम्रपणे सुचवते.

आपल्या सहीवर जिचे जाणे अवलंबून आहे ती,

(सही)
सहायक वर्गीकरणकार, तात्पुरती
स्थान-अनिश्चित विभाग
दि. २४, मंगळवार

सोबत : १) दाखल्याचा मसुदा
२) संदर्भातील तिन्ही कागदांच्या प्रती
३) प्रयोगशाळेचे पत्र

ता. क. : या अर्जावर “विचारार्थ ठेवावे” असा शेरा कृपया मारू नये. आवक विभागात चौकशी केली असता कळले की, हा शेरा असलेले, म्हणजे ज्यांवर दोन्ही शाखांचे मत घ्यायचे असते असे सर्व कागद या सोमवारपासून स्थान-अनिश्चित विभागाकडे पाठवले जातात. तेथे ते घेऊन पोच द्यायला मीच बसलेली आहे.