पायात बांधलेला दिवा

मी, मुक्ताबाई बद्रीनाथ नाईकवाडे, वय ७१, राहणार वडवणी, जिल्हा बीड. माझे डोके ठिकाणावर आहे, हात कापत नाही, कुणाचा दबाव नाही. माझ्यामागे काय कुणाचे, ते लिहून ठेवते. याआधी मृत्युपत्र केलेले नाही. ठेवण्यासारखे काही नव्हते.

१. राहते घर मुलगा विजयसिंह याला. दिवेदुरुस्तीचे दुकान, पकडी, पाने, मल्टीमीटर मुलगी मोहिनी हिला. विजयसिंहाला स्क्रू कुठे फिरतो ते कळत नाही, आणि तो ते कबूल करतो.

२. बँकेतली ठेव दोघांना निम्मी निम्मी.

३. पायाच्या दिव्याचे पेटंट माझ्या एकटीच्या नावावर आहे. त्याचे सर्व हक्क मोहिनीला. घराण्याचे म्हणून कुणी वाटा मागेल, म्हणून खुलासा करते.

आमच्याकडे शेतीची वीज रात्री येते. पाणी द्यायला जाणारे कपाळाला बॅटरी बांधतात. किडे डोळ्यांत जातात, आणि वरून पडलेल्या उजेडात वाफा सपाट दिसतो. मी दिवा घोट्याच्या वर बांधला, काच जमिनीकडे कलती केली. ढेकळांच्या सावल्या लांब पडल्या. ढेकूळ भिजून बसले की सावली तुटते; सावली तुटली की समजायचे, तिथे पाणी पोचले. सापही दिसतो.

माझे चुलत दीर बबनराव यांचे बीडला दिव्यांचे मोठे दुकान आहे. ते म्हणाले, "वैनी, दिवा पायात बांधितेत व्हय? लक्ष्मी हाय ती." दुकानावर त्यांनी पाटी लावली: येथे पायाचा दिवा मिळणार नाही.

मी पेटंटचा अर्ज केल्यावर त्यांनीच हरकत घेतली. म्हणणे असे, की फक्त जागा बदलली. कोणत्याही जाणकाराला हे सहज सुचले असते. आणि सहज सुचण्यासारख्या बदलाला पेटंट मिळत नाही. सुनावणीत मी विचारले,

"भावजी, तुम्ही जाणकार का?"

"जल्म दिव्यात गेला. मी न्हाई तर कोण?"

"मग तुम्हाला सुचलं होतं?"

"पायात? मला कावून सुचंल? पाप हाय ते."

पाटीचा फोटो मी आधीच दिला होता. निकालात लिहिले आहे, की ज्या गोष्टीला जाणकार स्वतः नाही म्हणतो, ती त्याला सहज सुचली असती असे मानता येत नाही. हरकत फेटाळली. पेटंट मिळाले. त्या दिवशी मी दुकान बंद ठेवले नाही, गिऱ्हाईक होते.

४. दिव्यात पुढे बदल करताना मोहिनीने कुणाला विचारू नये. मला काय वाटले असते, हेही नाही.

५. बबनरावांना काही ठेवलेले नाही. राग नाही. ज्याला मृत्युपत्रातून मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील सांगतात, आणि साक्षीला मला तेच हवेत. ते म्हणाले, "वैनी, मला हरवलं ते हरवलं, वर सही बी घ्यायलाव व्हय?" मी पेन पुढे केले.

ठिकाण: वडवणी
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२४
सही: मुक्ताबाई बद्रीनाथ नाईकवाडे

साक्षीदार:
१. हरिओम सोमनाथ डोईफोडे, वकील
२. बबनराव किसनराव नाईकवाडे. वाचून सही केली. मला सुचलं नव्हतं.