झाकणावरचा कागद

इंदिरानगर, नाशिक
ता. ५ ऑक्टोबर २०२५

ती. सगुणाताई यांस,
शि. सा. न.

माझा फोन उचलायचा नाही असं ठरवलंयत, म्हणून पत्र. दसऱ्याच्या झेंडूसाठी भावाला पाच दिवस मखमलाबादला नेलंत आणि परत पाठवलात तो हात थरथरणारा, उलट्या करणारा माणूस. ज्ञानेश तीन दिवस दवाखान्यात आहे. त्याच्या मनाच्या आजारावर लिथियमची गोळी चालू असते. रक्तात ती विषाइतकी साचली, किडनीवर ताण आला. कंबर धरली म्हणून तुम्ही तोडणीवाल्या बायकांसाठी ठेवलेल्या गोळ्यांच्या डब्यातली दुखण्याची गोळी त्याला सकाळ-संध्याकाळ दिलीत, तिच्यामुळे. कोणाला विचारून? वर गल्लीत सांगितलंत, तो पिऊन पडला.

लोभ असावा असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते.
भाग्यश्री


मखमलाबाद
ता. ८ ऑक्टोबर

चि. सौ. भाग्यश्री हिस,
अ. आ.

पिऊन पडला म्हटलं ते माझं चुकलं. बाकीचं ऐकून घे. गोळी देण्याआधी मी त्याला विचारलं होतं, दुसरं औषध चालू आहे का. त्यानं व्हिटॅमिनची बाटली दाखवली, ताकदीच्या आहेत म्हणाला. पाकिटं फाडून त्या बाटलीत गोळ्या तूच भरत होतीस ना? आठ वर्षं माझ्या भावाचं आजारपण माझ्यापासून चोरलंस. ठाऊक असतं तर मी ती गोळी त्याच्या हातावर ठेवली असती का?

लोभ आहे तेवढा पुरे.
सगुणा


इंदिरानगर
ता. १४ ऑक्टोबर

ती. सगुणाताई,
शि. सा. न.

हो, मीच भरत होते. तुमच्या सायलीच्या हळदीत तो बोलत सुटला, थांबेना, तेव्हा चार बायकांत तुम्ही त्याला वेडा म्हणालात. ती बाटली मी दुसऱ्या दिवशी आणली. तो राग माझ्या मनातून जाणार नाही.

तो काल घरी आला. दिवाळीच्या तोडणीला ताईकडे जाणारच म्हणतो. मी नको म्हणून पाहिलं. सोबत कागद आहे. त्यावर लिथियमचं नाव लिहिलंय, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुखण्याची कुठलीही गोळी द्यायची नाही हेही. पॅरासिटामॉल चालेल म्हणालेत, तेही विचारूनच. उन्हात पाणी भरपूर द्या. हात थरथरले तर लगेच दवाखाना, चर्चा नको.

कागद तुमच्या गोळ्यांच्या डब्यावर बाहेरून चिकटवा. तोडणीवाल्या नवसाबाईंना वाचता येत नाही, त्यांना वाचून दाखवा. चार बायकांतच वाचा.

माझ्यावर नको, त्याच्यावर लोभ असू द्या.
भाग्यश्री