पाण्यात बसलेला वाघ मी पाहिला

अहो,

एकोणीस वर्षांच्या संसारात तुम्हाला पत्र लिहायची पाळी माझ्यावर कधी आली नाही. जंगलात गेलात तरी तिसऱ्या दिवशी तुम्ही परत. चांद्याहून टाकलेलं पत्र मोहर्लीला पोचायच्या आत तुम्ही इथं पाटावर बसून दुसऱ्यांदा भात मागत असायचात. आता तसं होणार नाही. म्हणून तुमच्या फोटो स्टुडिओतलं एक मोठं पाकीट फाडून त्याच्या कोऱ्या बाजूवर लिहायला बसले आहे.

आज दुपारी डोमाभाऊ आले होते. तुमचेच डोमाभाऊ. आठ वर्षं तुमच्या बैलांच्या रेंगीपुढे चालून ज्यांनी तुम्हाला आणि तुमच्या पाहुण्यांना ताडोब्याचं जंगल दाखवलं, आणि ज्यांना तुम्ही एका दिवसात दूर केलंत, ते. मोहर्लीहून आले. तुम्ही गेल्याचं त्यांना महिन्यानंतर बाजारात कळलं. पळसाच्या पानात बांधून चारोळी आणली होती, तुम्हाला आवडते म्हणून. ओट्यावर बसले आणि पुडी माझ्यापुढे सरकवली.

मग म्हणाले, "बाई, मी थे पेटी नाई उघडलो. भाऊ असते त अजून एकडाव सांगतलो असतो. आता कोणाले सांगू?"

मी काय केलं माहीत आहे? "च्या घ्या, डोमाभाऊ," म्हणाले आणि आत गेले. चहा होईपर्यंत चुलीसमोर बसून राहिले. ते चहा पिऊन उठले, मला हात जोडले आणि निघून गेले. मी तेव्हाही बोलले नाही. तीन वर्षं जी गोष्ट तुमच्यापासून लपवली, ती आज त्यांच्यापासूनही लपवली. म्हणून हे पत्र. आधी तुम्हाला सांगते.

पण एकदम नाही सांगवत. थोडं इकडचं तिकडचं बोलू द्या.

तुमच्या त्या फेऱ्यांची आठवण आली की मला हसूच येतं. नागपूरची हौशी मंडळी गळ्यात कॅमेरे अडकवून यायची. वकील, प्रोफेसर, रेल्वेतले साहेब. पार्क जाहीर झाल्यापासून बंदूकवाले कमी झाले आणि कॅमेरेवाले वाढले, याचा तुम्हाला कोण आनंद! आल्याबरोबर तुम्ही त्यांचे पांढरे कपडे उतरवून घ्यायचात आणि मी ते बेहड्याच्या पाण्यात बुडवून मळकट करायची. त्या वकीलसाहेबांचा रेशमी सदरा मी असाच बुडवला, तेव्हा ते रडायचे तेवढे बाकी होते. आणि तुम्ही काय म्हणालात? "साहेब, वाघाले रेशीम समजत नाई." बिचारे तसेच गेले.

बैलांच्या घुंगुरमाळा तुम्ही मोहर्लीतच काढून ठेवायचात. पाहुण्यांना विड्या नाहीत, बोलणं नाही, खोकला आला तर तोंडात पदर, म्हणजे उपरणं. तळ्यावर धुकं असलं की ते उठेपर्यंत सगळ्यांना गवतात पालथं पाडून ठेवायचात. पुढे डोमाभाऊ. ते वाघाला वाघ म्हणत नसत, 'बुढा' म्हणत. सांबर ओरडलं की हात वर करायचे आणि तुमची सगळी वरात जागच्या जागी थांबायची. हे मी पाहिलं नाही. तुम्ही सांगितलं तेच इतक्या वेळा ऐकलं की आता पाहिल्यासारखं वाटतं.

मला का नाही हो नेलंत कधी? दरवेळी "पुढच्या फेरीले." कुठली ती पुढची फेरी?

जंगल मी घरीच पाहिलं. तुमच्या हातांना औषधानं खाज सुटून कातडी सोलायला लागली, तेव्हा फोटोच्या काचेच्या प्लेटा धुण्याचं काम माझ्याकडे आलं. कोठीच्या खोलीच्या झरोक्यात घोंगडी कोंबून, लाल काचेचा कंदील लावून मी बसायची. ताटलीतल्या औषधाच्या पाण्यात काच हलवत राहायचं. आधी काहीच नसायचं. मग कुठून तरी झाडाची फांदी यायची, मग तळ्याचा काठ, मग एखादं हरीण मान वर करून. सगळं उलटं, आकाश काळं आणि सावल्या पांढऱ्या. तुम्ही बाहेर चितळं पाहायचात तेव्हा ती पळून जायची. माझ्यासमोर ती यायची आणि थांबायची. त्या खोलीत मी किती सुखात असायची ते मी तुम्हाला कधी बोलले नाही.

आणि मग तो वैशाखातला दिवस.

पाय न धुताच तुम्ही घरात शिरलात. चपला सैपाकघरापर्यंत आणल्यात. "अवं, पान्यात बसला होता ना! गळ्यालोक पान्यात, डोये मिटून, आपल्या मामासाहेबासारखा!" पाहुण्यांपैकी कोणाला कॅमेरा उघडायचंच सुचलं नाही, कोणाची फिल्म संपली. फोटो एकट्या तुमच्याकडे, तोही एकच. मग आवाज खाली करून मला म्हणालात, "या नव्या प्लेटा हायेत. लाल दिवाबी लावू नोको. पुरा अंधारच पायजे. मनात मोजून धू."

मी ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं. तीन वर्षं मी स्वतःला सांगत आले की ऐकू आलं नसेल. ते खोटं आहे.

अंधारात मी काच औषधात सोडली आणि मोजायला लागले. ताटली हलवत होते. माझ्या बोटांखाली तो वाघ उमटत होता आणि मला तो दिसणार नव्हता. पाहुण्यांना तुम्ही नेहमी सांगायचात, आधी डोळे भरून पाहा, मग कॅमेरा उघडा. आणि मला म्हणालात, पुरा अंधार. मला वाटलं, एक क्षण. नुसता एक क्षण कंदील लावू आणि लगेच विझवू.

लावला.

तो होता हो! दुधासारख्या काचेवर आधी एक कान, मग कपाळ, पांढरे पांढरे पट्टे, आणि हनुवटीखाली पाणी. डोळे खरंच मिटलेले होते. मी कंदील विझवायला विसरले. बघत राहिले. आणि बघता बघता तो कडेनं धुरकटायला लागला, मग सगळी काच काळी झाली.

तुम्ही ती काच खिडकीशी धरलीत. मला वाटलं आता माझ्याकडे वळाल. पण तुम्ही म्हणालात, "उजेड लागला. प्लेटांची पेटी डोमापाशी होती. त्यानंच उघडून पाहिली." मी ओल्या हातांनी तिथंच उभी होते. तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात संपलं असतं.

का नाही बोलले? तुम्ही रागावाल म्हणून नाही. तुम्ही कधी आवाज चढवला नाहीत माझ्यावर. मला भीती होती ती त्या खोलीची. तुम्ही म्हणाल, राहू दे, आता मीच धुतो, हात सोलले तर सोलले. मग माझ्याकडे काय उरलं असतं? ते वाचवण्यासाठी मी एका भल्या माणसाचं नाव जाऊ दिलं.

पुढच्या फेरीला तुम्ही मोहर्लीच्या फॉरेस्ट बंगल्याच्या पडवीत, पाहुणे आणि गाडीवाल्यांच्या देखत, डोमाभाऊंना विचारलंत. ते नाही म्हणाले. तुम्ही विश्वास ठेवला नाहीत. दुसरा माणूस घेतलात. मोहर्लीत त्यांना 'पेटीउघड्या' म्हणायला लागले, हे तुम्हाला माहीत होतं का? मला होतं. आपल्या गाडीवाल्यानंच हसत हसत सांगितलं होतं. मग त्यांना कोणत्याच साहेबानं बरोबर नेलं नाही. जंगल पायाखालचं असलेला माणूस बांबू तोडायला जाऊ लागला.

एकदा जेवताना तुम्ही म्हणालात, "डोमा असता त आज बुढा दिसला असता." घास हातात धरून थांबला होतात. मी वरण वाढलं आणि विषय बदलला.

आता माझीही एक तक्रार ऐका. तुम्ही मला एकदाही का विचारलं नाहीत? काच माझ्या हातून गेली होती. माझ्यावर संशय घ्यावा असं तुमच्या मनातही आलं नाही. एवढा विश्वास होता, हे आठवून आजही मला भरून येतं. पण त्यातला थोडा डोमाभाऊंवर ठेवला असता तर? त्यांनी आठ वर्षांत तुम्हाला एकदाही चुकीच्या वाटेनं नेलं नव्हतं. चूक माझी, पण शिक्षा तुम्ही दिलीत. तेव्हा हे आपल्या दोघांनाही निस्तरावं लागेल, आणि आता तुमच्या वाट्याचंही मलाच करावं लागणार.

उद्या सकाळच्या मोटारीनं मी मोहर्लीला जाते आहे. भाऊजींना सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, वर्ष नाई झालं, लोकं काय म्हणतीन?" लोकं त्या पडवीत होतीच की. ज्यांनी ऐकलं त्या सगळ्यांना मी तिथंच बोलावणार आहे, फॉरेस्टचा गार्ड, गाडीवाले, पोरीबाळी, ज्याला यायचं त्याला येऊ दे. डोमाभाऊंच्या घरी जाऊन हळूच कानात सांगून परत येणार नाही. त्यांनी मला माफ केलं तर बरं, नाही केलं तरी मला चालेल. तुम्हाला राग आला असेल तर तोही तसाच राहू द्या, मी तो सोसेन.

पडवीत चार माणसांसमोर मी जन्मात कधी बोलले नाही. म्हणून काय बोलायचं ते ठरवून ठेवलं आहे. उगीच रडणार नाही, तुमची बाजूही घेणार नाही. डोमाभाऊंना पुढे बसवीन आणि म्हणेन, यांनी पेटी उघडली नव्हती. दिवा मी लावला.

तुमचीच,
यमुना