सनईतलं मेण

तिवसा, मार्गशीर्ष वद्य पंचमी

प्रिय सहदेवा,

वामनराव मास्तर लिहून घेऊन राहिले. त्याईले म्हटलं, मी बोलतो तसंच लिहा, सुधरवू नका. माझं नाव ऐकून तू पत्र फाडशील, हे मले ठाऊक आहे. आधी कोणाकडून तरी पुरतं वाचून घे, मग फाड.

तुझी वहिनी गुडघ्यानं बेजार आहे. पुतणी तुझी, शकुन, बरी आहे, तुझी आठवण काढते. कापसाचा भाव उतरला तशी लग्नंही साधी झाली, आता कोणी सनईचे दोन-दोन ताफे बोलावत नाही. बरंच झालं म्हणतो. मी थकलो रे.

अमरावतीच्या त्या शेठकडलं लग्न माझ्या डोक्यातून जात नाही. कापसाले सोन्याचा भाव, पैशाचा नुसता माज. एका ओट्यावर आपला ताफा, समोर अकोल्याच्या किसनरावचा, अन् शेठ म्हणे, दोघं मिळून वाजवा. किसनरावनं सुरुवात केली. मी पाच सूर ओळखले, म्हटलं हा तर भूप राग, अन् घुसलो. तू बाजूले नेहमीसारखा माझ्या सा चा एकच सूर धरून बसला होता. थोड्या वेळानं तू आपल्या सनईच्या भोकांतलं, तो एकच सूर निघावा म्हणून भरलेलं मेण नखानं उकरलं अन् सूर वर नेऊन पंचमावर धरला. माझा भूप उघडा पडला. मी चारचौघांत तुझ्या हातची सनई हिसकली, म्हटलं, तुले सूर धरायचीही अक्कल नाही, जाय, गाठी उचल. तू उठला, अन् अकोल्याले जाऊन खरंच कापसाच्या गाठी उचलून राहिला.

मागच्या महिन्यात किसनराव इथल्या देवळात वाजवायले आला. त्यानं तोच राग काढला. यावेळी मी सनई मांडीवर ठेवून नुसतं ऐकलं. सूर भूपाचेच पाच, पण तो येऊन थांबे मात्र आपल्या पंचमावर. तोच त्याचा सा, तेच त्याचं घर. मी येड्यासारखा त्याच्या घरात बसून आपल्या घरचं गाणं गात होतो. किसनराव म्हणे, दुसऱ्यासंग वाजवताना सूर मोजत बसू नये, तो विसावतो कुठं ते पाहावं. अन् म्हणे, तुमच्या ताफ्यात त्या दिवशी एकट्या सूरवाल्याले ते कळलं होतं. मी खाली मान घातली. माझं चुकलं, सहदेवा. तीन वर्षं झाली, तेव्हाच म्हणायले पाहिजे होतं.

आता ज्यासाठी लिहून राहिलो ते सांगतो. माघात शकुनचं लग्न आहे. माझे पुढचे दोन दात गेले, सनईची पत्ती ओठात टिकत नाही, तान फाटते. घरात कोणाले सांगितलं नाही, मास्तरलेही आजच कळलं. एक सूर तेवढा अजून धरता येतो. तू ये. पुढची सनई तू वाजव. वाटेल तो राग काढ, वाटेल तिथं विसाव. मी बाजूले बसून सूर धरतो. तुझी ती सनई मी ठेवली आहे. तू उकरलेली भोकं तशीच मोकळी आहेत. कुठं मेण भरायचं, ते तू आल्यावर सांग.

वाट पाहून राहिलेला,
तुझाच मोठा भाऊ
सूर्यभान