पलीकडचं स्टूल

प्रिय तनुजा,

पत्र बघून दचकू नकोस, माझी तब्येत ठीक आहे. रोज संध्याकाळी तुझा फोन येतो, तरी लिहायला बसलो. फोनवर मी काही सांगायला लागलो की तू मध्येच "आप्पा, जेवलात का?" म्हणतेस, मी "हाव" म्हणतो, आणि राहिलेलं राहून जातं.

भोकरला थंडी ओसरली. हरभरा काढणीला आला. दुकान मी दोन-चार तास उघडतो, लोक येतात, चहा पिऊन जातात. काल उमाशंकर येऊन बसला होता. त्याची बोअरची मोटर दिवाळीनंतरपासून नवी तार भरायला माझ्याकडेच आहे, त्याला तात्पुरती माझी जुनी दिली आहे. "आप्पा, तुमी कवाच कुणाची मोटर इतकी ठिवली न्हाई," एवढंच म्हणाला. ती मोटर अजून स्टँडवर तशीच आहे.

तुझ्या लातूरच्या वर्कशॉपला आम्ही दोघं एकदाच आलो होतो. प्रत्येक मोटरीपाशी दोन-दोन माणसं समोरासमोर बसलेली, एकानं तार सारायची, दुसऱ्यानं ओढून परत पाठवायची. तुझ्या आईनं तिथं तार ओढत बसलेल्या जयाला विचारलं, "बाई, तुला सुट्टी असती का?" ती म्हणाली, "आयतवारी असती मावशी. अन् आजारी पडलं तर दुसरी बसती." परतीच्या बसमध्ये नांदेड येईपर्यंत तुझी आई हसून राहिली होती. "आजारी पडलं तर दुसरी बसती म्हणं!" हे तिनं मला दोनदा सांगितलं. मी खिडकीबाहेर बघत होतो. घरी आल्यावर म्हणालो, "तनीची पोरं तार खरचटवतील. एक ओरखडा आत गेला की मोटर पाण्यात उतरताच जळती." ती म्हणाली, "बरं."

आपल्या पाटीवर मी 'एकहाती काम, खात्रीचे काम' असं लिहून घेतलं, तेव्हा तू सातवीत होतीस. तूच विचारलं होतंस, "आप्पा, मग आई काय करती?" मी हसण्यावारी नेलं. बोअरची मोटर लांबट असते, तिची तार एकट्याला भरता येत नाही. बावीस वर्षं पलीकडच्या स्टुलावर तुझी आई बसली. तारेला काचेचा ओरखडा लागू नये म्हणून बसण्याआधी हातातल्या बांगड्या उतरवून खिळ्याला अडकवायची. सवाष्णीनं रिकाम्या हातानं बसू नये म्हणून तुझी आजी ओरडायची, तर हिनं मनगटाला हळदीचा दोरा बांधायला सुरुवात केली. काम संपलं की दोरा सोडायचा, बांगड्या भरायच्या, मग स्वयंपाक. गावात लोक म्हणायचे, आप्पाचं काम एकट्याचं हाय, बिनघोर. मी मान डोलवायचो. ती तिथंच बसलेली असायची.

दिवाळीत तू जयाला घेऊन आलीस. "सहा महिने ठेवून घ्या आप्पा, आईला आता होत नाही." मी त्या पोरीसमोरच म्हणालो, माझ्या दुकानात परका हात लागणार न्हाई. तू म्हणालीस, "मग आईचा लागतो तो?" मी म्हणालो, "ती काय माणूस लावलंय का? ती घरची हाय." जया पिशवी न उघडताच संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. तुझ्या आईनं तिला दशम्या अन् शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि गाडी वळेपर्यंत फाट्यावर उभी राहिली. घरी येऊन मला एवढंच म्हणाली, "पोरगी चांगली होती हो." त्यानंतर सतराव्या दिवशी ती गेली.

तू आलीस तेव्हा बायका तिला हिरव्या बांगड्या भरत होत्या. रडता रडता तू मला विचारलंस, "आप्पा, आईच्या हातातल्या बांगड्या कुठं गेल्या?" मी म्हणालो, झोपताना काढल्या असतील. तू ऐकून घेतलंस. मनगटावरचा दोरा मी आधीच सोडून खिशात टाकला होता.

परवा तू फोनवर सांगितलंस की नांदेडला दुसरं वर्कशॉप टाकतेस, उद्घाटन माझ्या हातून करायचंय, आणि दारासमोर आईचा फोटो लावायचाय. मग म्हणालीस, "आई झोपेत गेली, तिला काही कळलं नाही, एवढंच समाधान आहे आप्पा."

ती झोपेत गेली नाही, तनू. त्या दिवशी सकाळपासून आम्ही उमाशंकरच्या मोटरीच्या खाचांमध्ये तार भरत होतो. अकराच्या सुमारास ती म्हणाली, "आवो, खांद्यापासून हात भरून आलाय." मी म्हणालो, "सहा खाचा राहिल्या. तेवढं होऊ दे, मग पड जराशी." ती म्हणाली, "बरं." तिनं आणखी दोन खाचा भरून दिल्या. मग मी सारलेली तार परत येईना. मी मान खाली घालून बसलेलो. "तारामती, ओढ की!" म्हणून खेकसलो. पुन्हा एकदा खेकसलो. वर बघितलं तर ती भिंतीला टेकलेली होती, तारेचं टोक मुठीत. शटर ओढलं, तिला उचलून मागच्या खोलीत गादीवर निजवलं, आणि मग डॉक्टरला अन् शेजाऱ्यांना हाक मारून सांगितलं, जरा पडली होती, झोपेतच गेली. पलीकडं जया असती, तर तुझी आई सकाळीच दवाखान्यात गेली असती. वाचली असती की नाही, मला माहीत नाही. पण गेली असती. हे तुला कळल्याशिवाय तिच्या फोटोसमोरची फीत मला कापवणार नाही, म्हणून हे पत्र. आता मला बोलवायचं की नाही, ते तू ठरव. नाही म्हणालीस तरी मी समजेन. बांगड्या अजून खिळ्यालाच आहेत, त्या तेवढ्या घेऊन जा. मोटरीच्या चार खाचा राहिल्यात, तारेचं टोक तिच्या बाजूला आहे, तेव्हापासून मी त्याला हात लावलेला नाही. रागानं का होईना, एकदा ये. माझ्या जागी तू बस. मी पलीकडच्या स्टुलावर बसतो आणि तू ओढ म्हणशील तेव्हा ओढतो.

तुझाच,
आप्पा