धुण्यातली काच

२१ डिसेंबर
नावेच्या सगळ्या पट्ट्या बसल्या! सागाच्या, एकूण एक हातानं रंधा मारलेल्या. आई म्हणते, "डोंगा कोरला असता तं आतापर्यंत पाण्यात असता." रुची तेवढी खूश. माझ्या बायकोला मासोळीशिवाय घास उतरत नाही. तिला म्हटलं, बोडीच्या तळ्यातून ताजी आणून देत जाईन.

४ जानेवारी
वरून फायबरचं, म्हणजे काचेच्या तंतूंचं कापड चढवलं, त्यावर रेझिन. वाळल्यावर काचेसारखं — खालची लाकडाची रेघन् रेघ दिसते. आता पॉलिश पेपरनं घासायचं. पंधरा-वीस दिवसांचं काम.

९ जानेवारी
रुचीला खाज सुटली. मान, पोट, मांड्या. झोप नाही बिचारीला.

१३ जानेवारी
डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. म्हणाले, मासे बंद करून बघा. आईला तेवढंच पाहिजे होतं — "मासोळ्या खाऊन खाऊन गरमी भरली हिच्या अंगात." आमची रिंकू तीन वर्षांची. लागण होईल म्हणून आजपासून आजीजवळ झोपणार. पोरगी रडत राहिली, रुची इकडे ऐकत राहिली.

१५ जानेवारी
पेपर संपला म्हणून दुकानात गेलो. दुकानवाला छोटेलाल सहज म्हणाला, "भैया, घिसाई के कपड़े अलग धोना. इसका बुरादा घरवाली के कपड़ों में घुस गया ना, तो खुजा-खुजा के पागल हो जाएगी."
काचेचा भुसा लागलेली माझी पँट रोज रुचीच्या कपड्यांसोबत एकाच टबात भिजते. आईचं अन् रिंकूचं धुणं आई वेगळं धुते. मलाही खाजतं, पण ते कामाचं म्हणून सोडून देतो.
घरी आलो ते सांगायचं ठरवूनच. पण सांगितलं की आई नाव अंगणाबाहेर काढायला लावणार. अन् अर्धी घासायची बाकी.

१६ जानेवारी
सांगितलं नाही.

२२ जानेवारी
हलकट माणूस आहे मी. ती कडुलिंबाच्या पाण्यानं आंघोळी करून राहिली अन् मी अंगणात घासून राहिलो.
आज घासणं संपलं. माझे कपडे मीच बोअरवर धुतले. तिचे धुतलेलेही गुपचूप चार पाण्यांतून काढले. टब नवा आणला.
"काऊन जी, आज मोठे कामाचे झाले?" रुची हसली. माझ्यानं तिच्याकडे बघवलं नाही.

२९ जानेवारी
खाज गेली. रिंकू परत रुचीच्या कुशीत. म्हातारी म्हणते, "पाह्य, मासोळी सोडली अन् कशी बरी झाली." मी मान डोलावली. लाज कशी नाही वाटली?

८ फेब्रुवारी
नाव तरंगली. आत थेंब नाही. वावराजवळच्या बोडीत, नावेत बसून दोन मासोळ्या धरल्या. रुचीनं झणझणीत रस्सा केला, मला वाढला. स्वतः वरण घेतलं.
"घे ना. बरी झालीस आता."
"मातामायजवळ नवस बोलली होती मी. खाज गेली तं जन्मभर मासोळी खाणार नाही."


९ फेब्रुवारी
सांगितलं. आईसमोरच, सगळं. आई आत गेली.
मी म्हटलं, देवीला मीच जाऊन सांगतो, नवस माझ्यामुळे झाला.
रुची म्हणाली, "मासोळीचं सोडा. सोळा दिवस माही पोरगी माह्याजवळ झोपली नाही. ते कुठून आणून द्याल?"